आधी संडास दाखवा

कुठल्याही कंपनीत, मिलमध्ये किंवा पतसंस्थेत गेले की चहा यायच्या आत मी एकच गोष्ट विचारायची. "साहेब, तुमचा संडास दाखवता का जरा?"

समोरचा माणूस आधी गडबडायचा. बिचाऱ्याला वाटायचं, बाई एसटीने लांबून आली आहे, अडचण झाली असेल. तो शिपायाला हाक मारायचा, शिपाई मान खाली घालून पुढे चालायचा, आणि मी पर्समधून टेप काढून दाराची रुंदी मोजायला लागले की दोघांचीही तोंडं बघण्यासारखी व्हायची. एका मॅनेजरने तर मागून हळूच विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही नगरपालिकेकडून आल्या का?"

दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी हात जोडले. "बाकी काही लिही, पण तो विषय नको. लोक फराळ करता करता वाचतात." मी म्हटलं, वाचू द्या. माझी उभी नोकरी ज्या दारातून गेली ते दार मी कशाला झाकू? पोरं पाठीमागे मला 'संडासवाल्या मॅडम' म्हणायची. मला सगळं ऐकू यायचं, आणि खरं सांगते, कधी राग आला नाही.

चिखलीच्या एका कॉलेजात मी दिव्यांग विद्यार्थ्यांचा कक्ष सांभाळत होते. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, एक पंखा आणि मी. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, असा मुलगा किंवा मुलगी पदवी तर घेते. पेपर लिहायला लेखनिक मिळतो, पुढचा बाक मिळतो, सत्कारही होतो. पण पुढे काय? त्या 'पुढे काय'ची जबाबदारी माझ्याकडे होती. नोकरी शोधायची, मुलाखतीची तयारी करून घ्यायची, मालकाला पटवायचं आणि मूल कामावर लागलं की महिन्या-दोन महिन्यांनी तिथे जाऊन बघून यायचं. लग्न जमवणाऱ्या बाईसारखंच काम हे. फरक इतकाच की ती बाई जेवणावळ उठली की मोकळी होते, आणि मला नवरा-नवरीचं पटतंय का तेही बघत बसावं लागे.

मालक लोक वाईट नसतात हो. आपल्याकडची माणसं तर फारच दयाळू. खरी पंचाईत तिथेच असते. मोताळ्याच्या एका मुलाला ऐकू येत नव्हतं, पण समोरच्याचे ओठ तो फार सुरेख वाचायचा. मुलाखतीला साहेब त्याच्यासाठी इतक्या जोराने ओरडले की शेजारच्या ऑफिसातली माणसं भांडण सोडवायला धावून आली. मुलाने कागद ओढला आणि लिहून दिलं, 'साहेब, तुम्ही ओरडता तेव्हा तुमचे ओठ वाकडे होतात. हळू बोला, मी वाचतो.' साहेब आधी लाल झाले, मग हसले, आणि मुलाला घेतलं. तो अजून तिथेच आहे.

पण मला सांगायची आहे ती पल्लवीची गोष्ट.

पल्लवी अमडापूरची. घरचा भाजीपाल्याचा मळा, वांगी, मेथी, टोमॅटो. जन्मापासून दोन्ही पायांत जोर नाही. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबड्या, आणि जिभेवर धार. पहिल्या वर्षाला खोलीत आली तेव्हा मी नेहमीसारखं प्रेमाने म्हटलं, "ये बाळा, बस." ती दारातच उभी राहिली. "मॅडम, बाळ काऊन म्हणता? मी काय रांगून राह्यली का?" त्या दिवसापासून आमचं जमलं.

बी.कॉम. झाली, टॅली शिकली, आकड्यांत पोरगी पक्की. खामगाव रस्त्यावरच्या एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात तिथे, हिशोबाला माणूस हवा होता. अमडापूरहून एसटी थेट गेटसमोर थांबायची. मालक राजूशेठ, पोटाने मोठा आणि मनानेही मोठा माणूस. मी गेले, संडास दाखवा म्हटलं. त्यांनी केबिनमागचं दार उघडून दिलं. आत चक्क कमोड! वडिलांच्या गुडघ्यांसाठी बसवलेला. पायरी नाही, दार रुंद, नळाला पाणी. इतर ठिकाणी उकिडवं बसायची सोय असते, आणि कॅलिपर लावलेल्या मुलीला उकिडवं बसता येत नाही. ही साधी गोष्ट सांगताना मोठमोठे अधिकारी खिडकीबाहेर बघायला लागतात. इथे काही सांगावंच लागलं नाही. मी इतकी खूश झाले की टेप न काढताच पर्स मिटली.

दसऱ्याला पल्लवी कामावर लागली. तिचे वडील भास्करभाऊ टोमॅटोची पाटी घेऊन कॉलेजात आले. "मॅडम, पोट्टीनं नाव काढलं बाप्पा," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसायला बाहेर गेले.

पुढे दोनदा मी तिथे चक्कर मारली. वजनकाट्याच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत राजूशेठची लगबग. खुर्चीवर त्यांनी घरची उशी आणून ठेवली होती, स्वतःचा पंखा तिच्याकडे वळवला होता. "ताई, तुम्ही उठू नका. काय पाह्यजे ते जागेवर आणून देतो." शिपाई दोन ग्लास पाणी घेऊन आला. पल्लवीने तिचा ग्लासही माझ्याकडे सरकवला. "तुम्ही घ्या मॅडम, मले तहान नाही." मला वाटलं, काय वळण लावलंय पोरीला! दोन्ही ग्लास पिऊन मी समाधानाने घरी आले.

उन्हं तापायला लागली आणि भास्करभाऊंचा फोन आला. "मॅडम, पल्लवी आता कामावर जाणार नाही. शेठजीले तुम्हीच सांगून द्या." कारण विचारलं तर म्हणाले, तब्येत. आणखी विचारलं तर फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी अमडापूरला. पल्लवी खाटेवर, चेहरा उतरलेला, हाताला सलाईनची पट्टी. आठ दिवस दवाखान्यात काढून आली होती. लघवीत जंतू झाले, ताप चढला, थंडी वाजून अंग थडथडलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर किडनीवर जाईल. तिची आई तांब्याभर पाणी घेऊन आली. पल्लवीने तो तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. मग दुसरा मागितला.

मी बघतच राहिले. हीच का ती, जिला तहान लागत नव्हती?

"पल्लवी," मी म्हटलं, "तू कामावर पाणी पीत नाहीस का?"

तिने मान फिरवली. भास्करभाऊ उठून गोठ्याकडे गेले. बापाला कळलं होतं की हे बोलणं बायांचं आहे.

"मॅडम, सकाळी चहासुद्धा सोडला होता मी," ती म्हणाली. "घरून निघल्यापासून घरी येईपर्यंत थेंब नाही."

"अगं पण काऊन? तिथे कमोड आहे, मी स्वतः बघितलाय!"

"कमोड हाये हो. पण त्याच्याकडे जायची वाट शेठजीच्या केबिनमधून जाते. तिथं भाव ठरवायले माणसंच माणसं बसलेली असतात. मी नुसती कुबडी हातात घेतली का शेठजी ताडकन उभे राहतात. 'चला चला, बाहेर व्हा सगळे, ताईले जायचं हाये!' मग व्यापारी उठतात, शेतकरी उठतात, चहाचे कप घेऊन वऱ्हांड्यात उभे राहतात. मी बाहेर येईपर्यंत कोणी आत जात नाही. आन मी आली का सगळे असे पाहतात मॅडम, जसं काही मी पेपर देऊन आली." ती हसली, आणि हसता हसता रडली. "दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवसापासून पाणीच बंद केलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणावर चिडावं हेही कळेना. राजूशेठने काय वाईट केलं होतं? पोरीला संकोच वाटू नये म्हणून आपला धंदा थांबवून माणसं बाहेर काढत होता. तो देवमाणूस आणि त्याच्या देवपणाने पोरगी दवाखान्यात!

भास्करभाऊ परत आले ते ठरवूनच. "मॅडम, तुमचा राग नाही. पण पोरीच्या जिवापेक्षा नोकरी मोठी हाये का? घरी बसून भाजीचा हिशोब ठेवील. मळा तिचाच हाये."

"बाबा, मले नोकरी सोडायची नाही," पल्लवी म्हणाली.

"मंग तिथं काय, उपाशी-तहानलेली मरशीन का?"

बापाचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, ती बरी झाली की एकदा मला तिला घेऊन जाऊ द्या. सोय झाली तर जाईल, नाही झाली तर मी स्वतः तिचा राजीनामा देऊन येते." भाऊ म्हणाले, "एकच डाव. पुन्हा ताप आला तर मी कोणाचं ऐकणार नाही."

पोरीच्या आयुष्यातली पहिली कमाई, कदाचित शेवटचीही, त्या एका फेरीवर होती. एसटीत मी मनातल्या मनात भाषण जुळवत होते. शेठजींना कोपऱ्यात घ्यायचं, आडून आडून सांगायचं, शरमिंदं होऊ द्यायचं नाही. माझं तोंड चालू लागलं की थांबत नाही हे साऱ्या तालुक्याला माहीत. पल्लवीने ओळखलं. "मॅडम, आज तुम्ही बोलायचं नाही. मी बोलते."

"तू? शेठजींसमोर?"

"तिथं रोज मलेच बसायचं हाये ना."

केबिन भरलेली होती. गादीवर राजूशेठ, समोर व्यापारी, बाकावर कापूस घेऊन आलेले शेतकरी, दारात मुनीमजी. आम्हाला बघताच शेठजी सवयीने उठले. "आल्या का ताई! तब्येत बरी? चला, चला हो, सगळे जरा बाहेर..."

"नाही शेठजी," पल्लवी म्हणाली. "बसू द्या सगळ्यांले."

अर्धवट उठलेली माणसं तशीच थबकली. पल्लवी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. कुबडीची रबरं फरशीवर चुर्रचुर्र वाजत होती. मला वाटलं आता बोलावं. मी पदराचं टोक तोंडात धरलं, खोटं नाही सांगत.

"शेठजी, मी दवाखान्यात काऊन होती माहीत हाये का? इथं मी पाणी पीत नव्हती. काऊन की पाणी पेलं का संडासले जावं लागते, आन मी जायले निघली का तुम्ही साऱ्या दुनियेले उठवता. तुमचं मन चांगलं हाये, मी घरी सगळ्यांले सांगते. पण मले लाजेनं मेल्यासारखं होते. मले नोकरी करायची हाये. पाणी पिऊन करायची हाये."

राजूशेठचे कान लालभडक. एक व्यापारी मोबाइलमध्ये काही नसताना शोधायला लागला. तेवढ्यात बाकावरचा एक म्हातारा शेतकरी खाकरला. "खरं बोलली पोट्टी. माही बहीण लग्नात असंच करते. मांडवात बसली का दिवसभर पाणी नाही तोंडात."

त्यावर कोणीतरी "हाव, हाव" केलं, आणि खोलीतली कोंडी फुटली.

"मंग काय करू ताई? सांगा," शेठजी म्हणाले. आवाज पार लहान झाला होता. "केबिन खाली करून देऊ का? मी दुसरीकडे बसतो."

मला कपाळावर हात मारावासा वाटला. हा माणूस पुन्हा दानच करायला निघाला!

"केबिन नको," पल्लवी म्हणाली. "बाहेर शेडजवळ जागा हाये. तिथं कापूस निवडणाऱ्या बाया दिवसभर राबतात. त्यांच्यासाठी काय हाये शेठजी? त्या कंपाउंडमागे बाभळीकडे जातात. एकीनं पहारा द्यायचा, एकीनं जायचं. त्या बी पाणी पीत नाहीत. मले कांताबाईनं सांगतलं. तिथं बांधा, सगळ्यांसाठी."

हे मलाही नवीन होतं. मी टेप घेऊन आयुष्यभर एकेका पोरासाठी एकेक दार मोजत फिरले, आणि ही पोरगी आजारपणातून उठून अख्ख्या शेडची मागणी करत होती. माझी छाती अशी फुगली की ब्लाउजची बटणं तुटायची बाकी राहिली.

शेठजींनी मुनीमजींकडे बघितलं, मुनीमजींनी छताकडे. मग शेठजींनी मांडीवर थाप मारली. "बांधा म्हणतो! आजच गवंडी बोलवा."

आता इथे गोष्ट संपली असती तर काय हवं होतं? पण बांधकाम आपल्याकडचं. पल्लवी आठ-दहा दिवस घरीच थांबली आणि मग निरोप आला, 'बांधून तयार हाये, उद्घाटनाले या.' आम्ही गेलो तर खरंच फीत बांधलेली. नारळ, हळद-कुंकू, झेंडूचा हार, आणि तो हार कोणाच्या गळ्यात, तर संडासाच्या दाराला! गवंड्याने पायरीऐवजी उतार केला होता, पण असा की एखाद्या बैलानेही आधी विचार केला असता. दारावर पेंटरने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त दिव्यांग महिलेसाठी'. आणि कडीला हे एवढं कुलूप.

"किल्ली मुनीमजीजवळ ठेवली ताई," राजूशेठ अभिमानाने म्हणाले. "तुमच्याशिवाय कोणी हात लावणार नाही. तुम्ही नुसतं मागायची."

शेडच्या दारात कापूस निवडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांच्यात पुढे होती ती कांताबाई. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्यासाठी नसलेल्या गोष्टीकडे माणूस बघतो तसं त्या बघत होत्या.

पल्लवीने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यानेच 'तुम्ही बोलायचं नाही' म्हणाली. मग प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि त्या उताराच्या तोंडाशी बसली.

"शेठजी, या उतारावरून मी वर गेली तर सरळ खामगावात उतरीन." सगळे हसले. शेठजीही हसले. "हा लांब करा. दार आत उघडते, ते बाहेर उघडायले पाह्यजे, नाहीतर कुबडी आत घेतल्यावर दार लागत नाही. शेजारी बायांसाठी अजून दोन बांधा, त्यांच्या सवयीचे. ते अक्षरं पुसा. आन ते कुलूप आधी काढा. किल्ली मागून जायचं म्हणजे पुन्हा मुनीमजीले सांगून जायचं. त्यापेक्षा मी तहानलेली बरी."

मुनीमजींनी घाईघाईने किल्ली काढली. त्यांच्या हातातून ती दोनदा पडली, इतके ते सुटल्यासारखे झाले होते. बिचाऱ्याला ते खातं नकोच होतं.

काम पुरं होईपर्यंत पल्लवी रोज एसटीने यायची, खुर्ची टाकून बसायची आणि गवंड्याला डोळ्यांत तेल घालून काम करायला लावायची. मी शिकवलेलं सगळं तिथे बाहेर आलं, उतार किती, दांडी कुठे, नळ कुठल्या हाताला. मी फक्त माझा टेप तिला देऊन टाकला. माझ्या नोकरीत मी एवढी मोठी वस्तू कोणाला दिली नाही.

यंदा मी निवृत्त झाले. कॉलेजात निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. एका वक्त्याने माझ्या कामाचं वर्णन करताना 'मूलभूत सुविधा' असा शब्द वापरला. मी जागेवरूनच म्हटलं, "संडास म्हणा हो." सभागृहात हशा पिकला.

पण मला खरा निरोप घ्यायचा होता तो दुसरीकडे. कापसाचा हंगाम ऐन भरात असताना एक दिवस न सांगताच एसटीत बसले आणि जिनिंगच्या गेटशी उतरले. गाड्यांची तीच रांग, केबिनमध्ये भावावरून तोच कल्ला. काट्याच्या खिडकीशी पल्लवी. पगार वाढलाय, चष्मा लागलाय, आणि टेबलावर फाइलींच्या शेजारी स्टीलचा हा मोठा जग.

"मॅडम! काऊन फोन नाही केला? बसा, बसा." तिने दोन ग्लास भरले. एक माझ्यासमोर ठेवला. दुसरा उचलून बोलता बोलता संपवला आणि पुन्हा भरला. घरच्यांची खुशाली सांगितली, भास्करभाऊंच्या टोमॅटोला आलेला भाव सांगितला, कांताबाईच्या मुलीचं कॉलेज सांगितलं. मी ऐकत होते की तिचा ग्लास बघत होते, माझं मलाच माहीत.

मग तिने कुबड्या हातात घेतल्या. "आली हं मॅडम, दोन मिनिटात." असं म्हणून ती केबिनसमोरून, बाकावरच्या शेतकऱ्यांसमोरून, टक टक करत अंगणात उतरली आणि शेडच्या बाजूला वळली.

आत राजूशेठ एका व्यापाऱ्याशी तावातावाने भांडत होते. मुनीमजी पावत्या फाडत होते. बाकावरचे दोघं तंबाखू मळत होते. मी एकेकाकडे निरखून बघितलं. कोणी उठलं नाही, कोणी गप्प झालं नाही, कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी माझ्या ग्लासातलं पाणी प्यायले, आणि त्या स्टीलच्या जगमधून आणखी एक ग्लास भरून घेतला.